मापाची काडी

महिपत मिस्त्रीच्या गॅरेजात गाडी लंगडत येते आणि पळत जाते, असं तेलंगणातल्या तामसीकडची माणसं म्हणत, आणि महिपतलाही ते ऐकायला फार आवडे. माणसाला कौतुक पचत नाही हेच खरं. पचलं असतं, तर त्याचा जावई लखन आज जिवंत असता.

लखन लग्नाकार्याला जनरेटर पुरवायचा. पिकअपच्या मागे दोनचाकी ट्रेलर आणि त्यावर ते धूड. ट्रेलर जोडला की पिकअप मागून बसायची आणि पुढून नाक वर करायची. म्हणून लखननं मोबाइलवर पाहून सासऱ्याकडून जोडाखाली दोन लोखंडी पट्ट्या बसवून घेतल्या होत्या. त्या साखळ्यांनी आवळल्या की मागचा भार थोडा पुढच्या चाकांवर जायचा आणि गाडी स्टिअरिंगचं ऐकायची. माणूस मोठा काटेकोर. ट्रेलर नसताना पुढच्या चाकाच्या मधल्या टोपणापासून मडगार्डच्या कडेपर्यंत भरणाऱ्या मापाची बाभळीची एक काडी त्यानं तासून ठेवली होती. काडी चपखल बसली तरच निघायचं. वर फट दिसली, तर साखळी अजून एक कडी आवळायची. सासरा हसायचा. "जवाईबापू, गाडी हाये, नवरी नाही. किती निरखता!"

गेल्या दिवाळीनंतर महिपत नागपूरहून एअरबॅगा घेऊन आला. अपघातात फुगतात त्या नव्हेत. मागच्या स्प्रिंगांपाशी बसवायचे रबरी फुगे. त्यांत हवा भरली, आणि ट्रेलर जोडूनही पिकअप पाटासारखी सपाट उभी राहिली. महिपत स्वतःवरच खूश झाला. लखननं मात्र पुढच्या चाकाला काडी लावून पाहिली. वर चार बोटं फट होती.

"मामाजी, मांगून लेवल आली, पण समोरून उचलूनच हाये. साखळी आवळू काय?"

"फुगे असल्यावर साखळी कायले पायजे? ऱ्हाऊ दे."

थोड्या वेळानं लखननं तेच पुन्हा विचारलं. महिपत चिडला. "सव्वीस वर्सं गॅरेज चालवून राह्यलो मी. तू मले शिकवतं?"

जावयानं सासऱ्याचा मान राखला. आठव्या दिवशी बेल्लमपल्लीच्या लग्नाला जाताना एका वळणावर त्यानं स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी सरळ खड्ड्यात गेली.

पंचनाम्यात तेलुगूत लिहिलं होतं: साखळ्या लावल्या नव्हत्या, मयताचा हलगर्जीपणा. लखनची बायको सुनयना, महिपतची एकुलती लेक, तेलुगू शाळेत शिकलेली. तिनं ते वाक्य स्वतः वाचलं. त्या दिवसापासून तिचं दुःख रागात गेलं. ती रडली नाही. लखनचा फोटो तिनं ट्रंकेत उपडा घालून ठेवला आणि ती बापाकडे राहायला आली. "दोन मिन्टाचं काम होतं, बाबा," ती म्हणे. "तेवढं बी माह्यासाठी नाही केलं त्यायनं."

महिपत मान खाली घालून ऐके. खड्ड्यातून आणलेली पिकअप त्यानंच दुरुस्त केली होती. एका दुपारी ट्रेलर जोडून, फुगे भरून त्यानं काडी लावली, तर वर चार बोटं फट. पुढची चाकं रस्त्याला टेकलेली होती, पण त्यांनी रस्ता धरलेला नव्हता. साखळी नको म्हणणारा तोच होता. नंतर त्यानं काडी सीटखाली सारली आणि तोंडाला कुलूप लावलं. गेलेल्याला काय फरक पडतो, लेकीला आता बापाशिवाय कोण आहे, असं तो मनाला समजावायचा. पण चोराच्या मनात चांदणं. कुणी नुसतं साखळी म्हटलं तरी त्याच्या हातातला पाना पडायचा.

पाच महिने असे गेले. मग लग्नसराई आली आणि लखनचा धाकटा भाऊ बंडू गाडी न्यायला आला. त्यानं ट्रेलर जोडला, आधी फुगे टम्म भरले, मग साखळ्या लावल्या. त्या एका हातानं लागल्या आणि झोळीसारख्या लोंबत राहिल्या.

"दादासारखं इसरनार नाही मी," बंडू म्हणाला. सुनयना चहा घेऊन आली होती. बंडूनं सीटखाली हात घातला. "मामाजी, हे काडी कायची? फेकू?"

महिपतच्या ओठांवर 'हो' आलं होतं. फेकली असती, तर सगळं कायमचं मिटलं असतं. त्यानं बंडूकडे पाहिलं. तेच पुढे आलेले कान, तोच साधा चेहरा. आणि साखळ्या ढिल्या.

"फेकू नोको," तो म्हणाला. तो गुडघ्यांवर बसला आणि त्यानं फुग्यांची हवा सोडली. पिकअप मागून खाली बसली. "आता आवळ साखळी. पाइप घालून, जोर लावून."

बंडू घामाघूम झाला. पिकअपचं नाक हळूहळू खाली आलं. मग महिपतनं फुग्यांत जराशी हवा भरली आणि चाकाला काडी लावली. ती चपखल बसली.

"आंधी साखळी, मंग हवा, ते बी थोडीच. फुगे मांगचं उचलतात, वजन समोर नेत नाहीत. आंधी फुगे भरले, तं साखळीले वढाले काहीच उरत नाही."

सुनयनाच्या हातातला चहा तसाच होता. "म्हंजे ते इसरले नव्हते?"

"नाही. म्याच मनलं व्हतं, ऱ्हाऊ दे."

"त्यायनं काही इचारलं नाही?"

इथंही खोटं बोलता आलं असतं. महिपतनं काडीकडे पाहिलं.

"इचारलं. दोनदा."

सुनयनानं कप खाली ठेवला. ती चाकापाशी बसली, ती काडी तिनं छातीशी धरली, आणि पाच महिने अडलेलं रडू हंबरडा फोडून बाहेर आलं. "पाच मयने मी त्यायले शिव्या देल्ल्या, बाबा! मेलेल्या मानसाले शिव्या देल्ल्या!" महिपतचा हात तिच्या डोक्याकडे गेला आणि मध्येच थांबला. त्या डोक्यावर हात ठेवायचा हक्क आता आपल्याला उरला नाही, हे त्याला कळलं होतं.

मग ती उठली. आत जाऊन तिनं ट्रंकेतला फोटो काढला, पदरानं पुसला आणि ती बंडूशेजारी गाडीत बसली. दुकानात मीठ आणायला निघाली तरी ती "येतो, बाबा" म्हणायची. आज काहीच म्हणाली नाही.

महिपत फाटकात उभा राहून पाहत होता. सुनयनानं मागं वळून पाहिलं नाही. रस्त्याच्या वळणावर बंडूनं स्टिअरिंग फिरवलं, आणि गाडी वळली.