शेपटीचे गोळे

"अहो, तेल ओरडतंय!"

आतल्या खोलीतून आवाज आला तसा मिस्त्रीने गॅस बारीक केला. मनातून तो खूश झाला. चार महिन्यांत बायको स्वयंपाकघराबद्दल पहिल्यांदाच काही बोलली होती, ओरडून का होईना.

मिस्त्री शिलाई मशीन दुरुस्त करायचा. नुसत्या आवाजावरून मशीनचं दुखणं सांगणारा माणूस. पण कढईची भाषा त्याला परकी. ती बायकोची. आंबवलेल्या मैद्याचे गोळे तळून मधाच्या पाकात बुडवावेत तर हिनेच, असं अख्खी इमारत म्हणायची. मग आजारपण आलं, उजवा पाय जड झाला आणि उजवा हात तर लुळाच पडला. "संपावर गेलाय मेला," असं डॉक्टरांना हसून म्हणाली खरी, पण घरी आल्यावर तो हात स्वेटरच्या खिशात घातला तो घातलाच. स्वयंपाकघर सुटलं, जिना सुटला. खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंचा कडीचा डबा तेव्हापासून फळीवर पडून होता. रिकामा डबा परत करायचा नाही, हा हिचा कायदा.

म्हणून आज मिस्त्रीने बाह्या सरसावल्या होत्या. पीठ झकास फुगलं होतं. पहिला घाणा काढून त्याने तो उकळत्या पाकात लोटला. गोळ्यांनी मान टाकली.

बायको दारात येऊन उभी राहिली. "पाक गरम?"

"गोळे गरम, म्हटलं पाकही गरम असावा. जोडी जमते."

"जोडी म्हणे! एक तापलेलं असलं की दुसऱ्यानं गार राहायचं. पस्तीस वर्षं घरात काय बघितलंत?"

"मी गारच होतो की."

"गार कसले, थंडगार!"

पाकाचं पातेलं गार पाण्याच्या परातीत बसलं. मिस्त्रीने पिठात चमचा बुडवला.

"चमच्यानं टाकून गोल होत नाहीत हो ते. मुठीतून पिळायचं, वर आलं की ओल्या चमच्यानं कापायचं. डाव्यानं पिळायचं, उजव्यानं..." ती थांबली.

मिस्त्रीने चमचा पाण्यात बुडवून झटकला. "तुझा डावा तर कामावर आहे ना? तू पीळ. कापतो मी."

"चारचौघांत दाखवण्यासारखे होणार नाहीत."

"मग आपणच खाऊ."

ती ओट्यापाशी आली. मग नळाखाली डावा हात धुऊन पिठात घातला. मूठ आवळली, अंगठ्यापाशी पांढरा फुगा वर आला. मिस्त्रीचा चमचा उशिरा पोचला. पुढच्यालाही उशिराच. प्रत्येक गोळ्याला लांबलचक शेपूट.

"उंदीर तळताय का?"

"दम धर. वरचा दोरा नि खालचा दोरा जुळायला वेळ लागतो."

त्याने तिच्या मुठीकडे बघणं सोडलं आणि कान लावला. पिळताना ती श्वास धरायची, फुगा वर आला की सोडायची. धरला, सोडला, काप. धरला, सोडला, काप. शेवटच्या घाण्यापर्यंत शेपट्या आखडल्या. अगदी गेल्या नाहीत.

गरम गोळे गार पाकात चुरचुरले. तिने एक उचलून त्याच्या तोंडात घातला आणि कान जवळ आणला. कुर्रकन वाजला.

"वाजला!" ती म्हणाली. मग फळीकडे बघत, "काढा तो डबा."

"शेपट्यांसकट?"

"बाईंना सांगेन, नवी जात आहे."

"मी येतो खाली."

"कशाला? मी काय पार्सल आहे?"

डाव्या हातात कडी धरून ती निघाली. उंबऱ्यात थबकली, उजवा हात खिशातून काढला आणि झाकणावर ठेवला. धरण्याइतका जोर त्यात नव्हता, नुसता सोबतीला.

मिस्त्री दारातच उभा राहिला. जिन्यावर पावलं वाजत होती, एक जड, एक हलकं. मशीनमधून असा आवाज आला की चाळीस वर्षं त्याचा हात आपोआप स्क्रू ड्रायव्हरकडे जायचा. आज तो शेवटच्या पायरीपर्यंत नुसता ऐकत राहिला.