बर्फवालीनं निवडलेली पेटी

सहासष्ट सालच्या मे महिन्यात मी माझं काम माझ्याच हातानं बुडवलं. अन् पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा बुडवीन.

मी मैनाबाई, साकोलीकडची. भिलाईच्या भट्टीवर सहा वर्ष बर्फ वाहिला मी. भट्टीची आच मोजायची तार असते, तिचं एक टोक आगीत अन् दुसरं बर्फाच्या पाण्यात, बरोबर शून्यावर. बर्फ विरघळला का मीटर खोटं बोलते अन् माल नासते. म्हणून सकाळ-दुपार माझं घमेलं मीटरच्या कपाटापाशी हजर.

मंग बिनाबर्फाची थंड पट्टी आली. बिजली दिली का तिची एक बाजू गारठते. पण तिले बिजलीचा दाब थोडा अन् करंट भरपूर लागते. तसा करंट देणारी पेटी निवडायची होती, अन् ती त्याच बंद कपाटात बसवायची होती. भट्टीवरच्या विद्याधर साहेबांनी बाहेरून एक मागवली, ट्रंकेएवढी. दुसरी आमच्या केवलरामनं वर्कशॉपात बनवली, जेवणाच्या डब्याएवढी. केवलराम मेकॅनिक, माझ्याच गावाकडचा, मले मावशी म्हणते.

"मोठी पेटी जास्तीची बिजली जाळून टाकते, मावशी," तो म्हणाला. "कपाट तापते. भर दुपारी पट्टी हार मानते. माझ्या पेटीतला ट्रान्झिस्टर सारखा चालू-बंद होऊन लागते तेवढीच बिजली घेते, अन् चोक, म्हणजे तारेचं वेटोळं, तिले सपाट करते."

"मंग सांग ना साहेबाले."

"सांगितलं. ऐकून नाही राहिले." मंग मान खाली घालून म्हणाला, "अन् मोठी लागली तर तुझा बर्फ चालूच राहते. माझी लागली तर बंद."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला परीक्षा झाली. हवा थंड, कपाटाचं दार सताड उघडं. दोन्ही पेट्यांवर काटा शून्यावर. साहेबांनी कागद घेतला. "वजनदार वस्तू टिकते," म्हणाले, अन् मोठीवर सही कराले निघाले.

केवलराम गप्प. माह्यासाठी गप्प, हे मले दिसून राहिलं होतं. त्याचाच राग आला मले. मी काय कोणाची भीक खाऊन राहिली होती?

"साहेब, दार लावा अन् मंग पाहा," मी म्हटलं.

"तुला काय समजतं यातलं?"

"बर्फ कुठं पाणी होते तेवढं समजते. हातच्या काकणाले आरसा कायले? अर्धा घंटा द्या मले."

त्यांना काय वाटलं कोण जाणे, थांबले. मी टोच्यानं बर्फाचे दोन सारखे तुकडे फोडले, अल्युमिनच्या दोन वाडग्यांत घातले. एक वाडगं मोठ्या पेटीवर, एक छोट्या पेटीवर. दोन्ही पेट्या चालू केल्या, मधात लाकडाची फळी उभी केली अन् दार लावलं.

अर्ध्या घंट्यानं उघडलं. मोठीवरच्या वाडग्यात नखाएवढा बर्फ तरंगत होता. छोटीवरचा तुकडा कोपरे झिजून तसाच बसला होता.

साहेब दोन्ही वाडगे पाहत राहिले. मंग हळूच म्हणाले, "बाई, आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतलास. आता तुझा बर्फ बंद होईल."

"माहीत आहे. बर्फासाठी मीटरले खोटं बोलू देऊ काय?"

त्यांनी मोठीवरची सही खोडली. छोटीवर केली. संध्याकाळी मुकादमानं सांगितलं, उद्यापासून येऊ नको.

घरी जाऊन मी रडली. खोटं कशाले बोलू? खूप रडली.

दुसऱ्या दिवशी वेळेवर गेली. रिकामं घमेलं कपाटापाशी पालथं घातलं अन् त्याच्यावर बसली. दुपारी साहेब आले. बाहेर लोखंडाले हात लावला तर भाजून राहिलं होतं. त्यांनी दाराच्या काचेतून पाहिलं, काटा शून्यावर.

"काय करून राहिली इथं?" आज तेही आमच्यासारखंच बोलले.

"शून्य राखून राहिली. सहा वर्ष मीच राखलं. पेटी मी निवडली, आता दुसऱ्यानं कायले पाहावं?"

"आकडे लिहिता येतात?"

"आकडे येतात. नाव नाही येत."

साहेबांनी वर पाहिलं. भिंतीवर उंच खिळ्याले नोंदीची वही टांगली होती, उभ्या माणसाच्या हाताले लागेल अशी.

"केवलराम," ते म्हणाले, "खिळा खाली ठोक. बाईले बसून लिहाले जमलं पाहिजे."