अक्काचा हात

माम्पाँगच्या बाजारात लग्नामयताची फिल्म कापावी तर बिरागोबाईंनीच, असं बिरागोबाई स्वतःच सांगत. नवऱ्यामागे दुकान त्यांनी एकटीने ओढलं होतं. जुना कॉम्प्युटर बंद पडला, तेव्हा जावई यबोआने नवा आणून त्यावर नवं सॉफ्टवेअर घालून दिलं.

"आई, जुन्यात तुकडा कापला की मागे काळं भोक राहायचं. इथे क्लिपची कड ओढली की पुढचं सगळं आपोआप सरकून चिकटतं. म्हणून दर वेळी जोड चालवून बघायचा."

"जावईबापू, मी जोड बसवत होते तेव्हा तुम्ही शेंबूड ओढत फिरत होता. बसा, फुफू गार होतोय."

पहिलंच काम घरचं निघालं, धाकट्या भावाच्या मयताचं. वर्षाच्या कार्याला ती फिल्म साऱ्या घराण्यापुढे लागायची होती. त्या मयताला थोरली बहीण डुफी आली होती. आईच्या कोकोच्या शेतावरून दोघींची कित्येक वर्षं बोलचाल नव्हती. रिवाजाप्रमाणे बिरागोबाई उजवीकडून डावीकडे एकेकाचा हात हातात घेत निघाल्या. मधला एखादा हात चुकवणं म्हणजे भर मांडवात थोबाडीत मारणं. डुफीचा हात आला, त्यांनी घेतला, आणि सोडवेना. रडू फुटलं. नाक काळ्या पदराला पुसलं.

पडद्यावर ते बघून त्यांच्या अंगावर काटा आला. बिरागो, आणि अक्काच्या हातावर नाक गाळतेय? क्लिप तिथेच संपत होती. त्यांनी तिची शेवटची कड धरली आणि मागे ओढली. नाक गेलं, पदर गेला, आणि ओढ जरा जास्त झाली तसा डुफीचा हातही गेला. जुन्यात भोक डोळ्यांत खुपलं असतं, त्या परत वळल्या असत्या. इथे सगळं गुळगुळीत. बाई पुढे गेल्या.

कार्याच्या दिवशी पडद्यावरच्या बिरागोबाईंनी काका अम्पॉन्सांचा हात घेतला आणि लगेच पाद्रीबाबांचा. कडेला डुफीचा हात अजून पुढेच होता, रिकामा.

"टाळलाच शेवटी," मागून कुणी तरी म्हणालं.

डुफी उठली. पांढरं वस्त्र खांद्यावर नीट केलं. "माझा हात धरलास ते लोकांना दाखवायची लाज वाटली होय गं?"

 बिरागोबाईंना लाज वाटली होतीच.

"आई, काही गेलेलं नाही," यबोआ नंतर म्हणाला. "कापलेलं आत दडून असतं. कड उलटी ओढा." ओढली. हात आला, नाक आलं, सगळं आलं.

ते फोनवर घेऊन त्या डुफीच्या अंगणात गेल्या. डुफी पामची फळं कुटत होती.

"अक्का, हे बघ. आहे, सगळं आहे."

"मला काय दाखवतेस? मी होते की तिथे. मांडव पुन्हा भरव, आणि त्यांना दाखव."

बिरागोबाईंनी हात पुढे केला.

"माझे हात तेलकट आहेत," डुफी म्हणाली.

हात माखलेले असले की माणसं मनगट पुढे करतात. बिरागोबाई मनगटासाठी थांबल्या. डुफीने मुसळ उचललं.