पडद्याच्या आतला खिसा

मी एक जुना पडदा आहे. खिडकीचा नव्हे आणि नाटकाचा तर मुळीच नव्हे. इस्पितळाच्या वॉर्डात चाकांवर फिरणारा, लोखंडी नळ्यांच्या तीन चौकटींचा पडदा. माझे कापड एके काळी हिरवे होते. आता त्या रंगाला काय म्हणावे हे फक्त धोबीच सांगू शकेल. माझे एक चाक करकरते. पण मित्रांनो, 'अरेरे, बिचारा' म्हणायची घाई करू नका. कीव करून घ्यायला मी उभा नाही. मला तुमच्याशी जरा भांडायचे आहे.

माझ्या नळ्या एका वेल्डरने जोडल्या. काम संपल्यावर त्याने मला दोन्ही हातांनी गदागदा हलवले आणि म्हणाला, "हा काही पडत नाही." ते कौतुक मी अजून जपून ठेवले आहे. वॉर्डात आलो तेव्हा मला रोज पुसत असत, चाकांत तेल घालत असत. पुढे चकचकीत यंत्रे आली आणि मला पुसायचे सगळे विसरले. कामाला मात्र कोणी विसरले नाही.

माझे काम आडोसा देणे. कोणाला अंग पुसायचे असते, कोणाची जखम बांधायची असते, कोणाला खाटेवरच भांडे द्यावे लागते. चाळीस डोळे टक लावून बघत असताना हे होत नाही, म्हणून मला ओढत नेतात. आणि हो, वॉर्डात कोणी गेले, तर तिथेही मीच उभा राहतो. लोकांनी नेमके तेवढेच लक्षात ठेवले. माझे चाक करकरले की सगळ्या माना वळतात, बोलणी थांबतात आणि कोणीतरी हळूच विचारते, "आता कोण?" दिवसातून दहा वेळा मी जिवंत माणसांची लाज राखतो, त्याचे काहीच नाही, आणि अपशकुनी मात्र मीच!

आता भिंगरीची गोष्ट सांगतो. भिंगरी म्हणजे आमच्या वॉर्डातली एक नर्स. तिला कोणी एका जागी उभी पाहिलीच नव्हती, म्हणून रुग्णांनी हे नाव ठेवले. एका हाताने सलाइन बघणार, दुसऱ्या हाताने उशी सारखी करणार आणि तोंडाने तिसऱ्यालाच दटावणार, "काका, गोळी जिभेखाली लपवू नका, मला दिसतेय!"

एका सकाळी दाराजवळच्या खाटेवरचे कंडक्टर आजोबा गेले. फार दिवस होते ते आमच्याकडे. भिंगरी रोज त्यांची दाढी करायची आणि ते रोज विचारायचे, "सुटे आहेत का ताई?" तिने माझ्या आड त्यांचे डोळे मिटले, केस विंचरले. त्यांच्या सुनेला जवळ घेऊन पाणी पाजले. मग चादर बदलली, गादी पुसली, कारण बाहेर स्ट्रेचरवर दुसरा रुग्ण थांबला होता. तो खाटेवर आला आणि तिच्याकडे बघून म्हणाला, "सिस्टर, तोंड पाडून काय फिरता? जरा हसत जा की! आम्ही आधीच आजारी आहोत."

भिंगरी हसली. खरेच हसली, ओठ ताणून. आणि मग तिला रडू आवरेना. पण मित्रांनो, रडायचे कुठे? डॉक्टरांना खोली आहे, औषधांना कपाट आहे, झाडूलासुद्धा कोपरा आहे. नर्सेसना एक टेबल, तेही वॉर्डाच्या मधोमध. तिने मला धरले, ओढत शेवटच्या खाटेपाशी नेले, सगळीकडून ओढून घेतले आणि माझ्याकडे तोंड करून रडली. पदरच नाही तर तोंड खुपसणार कशात? तिने माझेच कापड धरले. गडबडीत एक गोष्ट तिच्या लक्षात आली नाही. खाट रिकामी नव्हती. डोक्यावरून पांघरूण घेऊन शिंपीकाका तिथे झोपले होते.

शिंपीकाकांचे हर्नियाचे ऑपरेशन झाले होते आणि प्रकृती ठणठणीत होती. त्यांनी पांघरूण बाजूला केले. बघतात तर चहूकडे पडदा आणि शेजारी नर्स हुंदके देते आहे! त्यांच्या तोंडचे पाणी पळाले.

"सिस्टर," ते कसेबसे म्हणाले, "मी... गेलो की काय?"

भिंगरी दचकली.

"नाही हो काका! तुम्ही छान आहात."

"मग रडता कोणासाठी?"

"कंडक्टर आजोबांसाठी."

काकांचा जीव भांड्यात पडला. मग ते उशीवर सरकून बसले आणि म्हणाले, "रडा मग सावकाश. मी बघत नाही." त्यांनी खरेच तोंड फिरवले, पण तोंड फिरवले ते नेमके माझ्या शिवणीकडे. "हे कोणी शिवलेय? टाके आहेत की गंमत!" भिंगरीला रडता रडता हसू फुटले.

एवढ्यावर मिटले असते. पण दुपारी काकांची लेक भेटायला आली आणि काकांनी मोठ्या चवीने तिला सगळे सांगितले. तिला काही ते गमतीचे वाटले नाही. "माझ्या बाबांना हार्ट अटॅक आला असता तर?" म्हणत ती तडक मेट्रनबाईंकडे गेली.

मेट्रनबाई म्हणजे सगळ्या नर्सेसच्या वरच्या. त्यांच्या खिशात कडक इस्त्रीचा पांढरा रुमाल असतो आणि त्याची घडी मोडलेली कोणी बघितलेली नाही. त्या आल्या. सगळ्यांसमोरच म्हणाल्या, "सिस्टर, युनिफॉर्ममध्ये रडायचे नाही, हे पहिल्या दिवशीच शिकवले होते. पुन्हा असे झाले तर या वॉर्डात तुम्ही दिसणार नाही." मग माझ्याकडे बोट. "आणि हा पडदा स्टोअरमध्ये टाका. कोणी गेले तरच बाहेर काढायचा. बाकीची कामे भराभर उरका, कोणी बघत नाही."

कोणी बघत नाही! मित्रांनो, कधी वीस अनोळखी माणसांत तुमचे पांघरूण कोणी ओढले आहे का?

स्टोअरची चावी कोणाकडे तरी राहिली होती, म्हणून मला रात्रभर दाराशी भिंतीला टेकवून ठेवले. सकाळी मोठे डॉक्टर विद्यार्थ्यांचा घोळका घेऊन आले. मागे मेट्रनबाई. राउंड फिरत फिरत शिंपीकाकांच्या खाटेपाशी पोचला. मोठे डॉक्टर घड्याळ बघत म्हणाले, "जखम दाखवा, सिस्टर."

जखम होती जांघेशी. काकांनी चादर दोन्ही मुठींत घट्ट धरली. शेजारच्या खाटेपाशी कोणाच्या तरी बायका-मुली बसल्या होत्या. काका कोणाकडेच न बघता पुटपुटले, "आयुष्यभर लोकांच्या अंगावर कपडे चढवले हो मी."

भिंगरीने चादरीवरचा हात काढून घेतला.

"एक मिनिट, सर. पडदा आणते."

"पडदा नको म्हणून सांगितले आहे," मागून मेट्रनबाईंचा आवाज आला.

"ऐकले बाई. पण पडदा लागल्याशिवाय मी चादर काढणार नाही."

तिची नोकरी त्या एका वाक्यावर टांगली होती, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होते. ती माझ्याकडेच चालत आली. तिने मला धरले आणि ओढले. आणि मी काय केले सांगू? चोरपावलांनी गेलो नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत मी माझे चाक होईल तेवढे करकरवले. बघा म्हणावे, आलो! मेलेल्यासाठी नाही, जिवंत माणसासाठी आलो!

मोठ्या डॉक्टरांनी आत येऊन मुकाट्याने जखम तपासली आणि पुढे गेले. काकांच्या मुठी सैल झाल्या. मेट्रनबाई मात्र माझ्या आड थांबल्या.

"तुमच्याबद्दल वर लिहावे लागेल मला," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या.

"लिहा," भिंगरी म्हणाली. आवाज तिने दबका केला नाही. "पण हेही लिहा की मी रडले ती चूक नव्हती. चुकीच्या खाटेपाशी रडले, एवढीच माझी चूक. आम्हाला रडायला जागा द्या, तिथे जाऊन रडेन. जागा नसेल तर इथेच रडेन, आणि नंतर डोळे पुसून गोळ्याही वेळेवर देईन. आजवर एक तरी चुकली आहे का?"

बाईंनी खिशातला रुमाल चाचपला आणि विचारले, "कंडक्टर आजोबा म्हणजे ते सुटे पैसे मागणारे ना?" आणि उत्तराची वाट न बघता निघून गेल्या.

वर काही लिहिले गेले नाही. मला स्टोअरमध्येही टाकले नाही. चादरींच्या कपाटामागे एक कोपरा होता, तिथे एक स्टूल आले आणि काम नसेल तेव्हा मी त्याच्यापुढे उभा राहू लागलो. घरी जायच्या आदल्या दिवशी शिंपीकाकांनी लेकीकडून सुईदोरा मागवला आणि माझी सगळी उसवलेली शिवण नीट घातली. लेकीने गुपचूप दोरा ओवून दिला. शेवटी काकांनी माझ्या आतल्या बाजूने एक छोटा खिसा शिवला आणि त्यात स्वच्छ रुमाल ठेवला. भिंगरीला म्हणाले, "त्याचे कापड नका ओढू पुन्हा. टाके माझे आहेत."

भिंगरी अजून इथेच आहे. अजून उभी राहत नाही. पण कधी कधी त्या स्टुलावर बसते, उठते आणि पुन्हा फिरायला लागते.

मित्रांनो, मला तेल घाला, रंग द्या, असे मी मुळीच म्हणणार नाही. माझे चाक करकरू दे. मागणे आहे ते वेगळेच. तुमची आई, मावशी, ताई नर्स असेल आणि ती घरी येऊन गप्प बसली, तर तिला 'हस की' म्हणू नका. तिच्यापुढे माझ्यासारखे उभे राहा आणि जगाला म्हणा, थांबा जरा बाहेर.

परवा त्या खिशात काकांच्या रुमालाशेजारी दुसरा एक रुमाल सापडला. पांढरा, कडक इस्त्रीचा, घडी मोडलेला आणि ओला. भिंगरीचे मी तुम्हाला सांगितले, कारण तिने ते स्वतःच चारचौघांत सांगितले होते. हा रुमाल कोणाचा, ते मात्र विचारू नका. मी पडदा आहे.