चादरीची उजवी कड

थोरली सकाळपासून तिसऱ्यांदा गच्चीवर चढली तेव्हा अजून अकरासुद्धा वाजले नव्हते. चादर वाळली होती. वाळली म्हणजे काय, तारेवर नुसती उभी होती. वाऱ्याची झुळूक आली तरी हलायला तयार नाही. थोरलीनं कोपरा चिमटीत धरून दुमडला तर पत्र्याला पडावी तशी घडी पडली.

"अगं बाई, पुन्हा!" तिच्या तोंडून निघून गेलं.

आता एका चादरीपायी कुणी एवढा जीव टांगणीला लावतं का? लावतं, कारण चादर नानांची होती. तिचे वडील सात महिने अंथरुणाला खिळले होते आणि त्यांची कातडी इतकी पातळ झाली होती की कुशीवर वळवताना अंगठा जरा जोरात लागला तरी वळ उठायचा. दर शनिवारी तपासायला सिस्टर यायची. बाई कामाला चोख, बोलायला फटकळ. गेल्या शनिवारी नानांच्या पाठीवरच्या दोन जखमांना मलमपट्टी करून झाल्यावर तिनं थोरलीला दाराबाहेर बोलावलं.

"ही चादर आहे की पॉलिश पेपर?" ती म्हणाली. "आणखी एक जखम दिसली ना, तर मला लिहून द्यावं लागेल की यांना घरी ठेवता येणार नाही. मग दवाखान्यात, मागच्या वॉर्डात हलवायचं. तिथून परत घरी आणणं वगैरे नसतं, आधीच सांगून ठेवते."

आज शुक्रवार होता. उद्या दहाच्या ठोक्याला सिस्टर दारात.

आठवडाभर थोरलीनं काय करायचं बाकी ठेवलं होतं? साबण निम्म्यावर आणला. दोन पाण्यांऐवजी चार पाण्यांतून चादर खळबळून काढली. कुणीतरी सांगितलं म्हणून शेवटच्या पाण्यात दोन चमचे व्हिनेगर घातलं. उन्हातली तार सोडून टाकीच्या सावलीतली तार धरली, चिमटे ताणून लावायचं सोडलं. शाळेच्या ऑफिसातली नोकरी तिची. तिथून पंधरा दिवसांची रजा काढून ती गच्चीच्या पायऱ्या झिजवत होती. जेवायला बसली तरी कान वाऱ्याकडे, आणि पाठ टेकली तरी पाय वळवळायचे.

"बस की गं घटकाभर," आत्या म्हणायची. "तुझ्याकडे बघून मलाच धाप लागते."

आत्या म्हणजे नानांची धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून इथेच राहणारी, सत्तरीची, आणि एकदा बोलायला लागली की थांबायचं नाव नाही. पण कामाला मागे हटायची नाही. चादरींचं शेवटचं पाणी तर तिनं हट्टानं आपल्याकडे घेतलं होतं. "तू वर जाऊन तार पुसून ये, तोवर मी पाणी घालते," असं म्हणून ती थोरलीला रोज न्हाणीघराबाहेर काढायची. थोरलीला वाटायचं, किती गं माया हिची.

चिमटे काढता काढता थोरलीचा हात शेजारच्या टॉवेलला लागला आणि तिथेच थबकला. तिचाच टॉवेल. तोच साबण, तीच तार, तीच सावली, पण टॉवेल मऊ होता. तिनं पुन्हा चादर चाचपली, पुन्हा टॉवेल. मग बोट जिभेला लावून ओलं केलं आणि चादरीच्या काठावर घासलं. बोट चिकट झालं.

खळ! चादरीला खळ घातलेली होती. दवाखान्याच्या लॉन्ड्रीत चौतीस वर्षं मुकादमी केलेल्या माणसाची मुलगी ती. लहानपणापासून घरातली प्रत्येक चादर, प्रत्येक उशीचा अभ्रा भाताच्या पाण्यात बुडूनच तारेवर गेलेला. खळ ओळखायला तिला कुणाला विचारायला जायची गरज नव्हती. पण दोन महिन्यांपूर्वी नानांच्या पाठीला पहिली जखम झाली तेव्हा तिनं स्वतः ती बंद केली होती. मग ही आली कुठून?

खाली दुसरी चादर धुऊन तयार होती. थोरलीनं चेहरा कोरा ठेवला. "आत्या, तार पुसून येते गं," म्हणाली, चपला वाजवत पाच पायऱ्या चढली, चपला तिथेच सोडल्या आणि अनवाणी मागे आली.

न्हाणीघरात आत्या पातेल्यातलं भाताचं पाणी फडक्यातून गाळून बादलीत ओतत होती. अगदी मन लावून.

"आत्या!"

पातेलं हातातून सुटता सुटता राहिलं. "अगं, केवढ्यानं ओरडतेस! जीव गेला असता माझा."

"जीव कुणाचा जातोय ते बघतेस ना रोज? काय चाललंय हे?"

"कुठे काय? पाणी उरलं होतं, म्हटलं वाया कशाला घालवा..."

"आत्या."

आत्या स्टुलावर बसली. फडकं पिळत राहिली. "दादानं सांगितलं," ती शेवटी म्हणाली. "थोरलीला कळू द्यायचं नाही म्हणाला. गळ्याची शपथ घातली मला. जन्मात कधी त्याचा शब्द मोडला नाही मी, आता या वयात मोडू?"

"त्यांची पाठ दिसत नाही तुला?"

"दिसते की. रोज रडते मी." आणि खरंच तिचे डोळे भरून आले. "पण तो ऐकतो का कुणाचं? भाताचं पाणी पातळ केलं तर चादरीला हात लावून ओळखतो, माहितीये?"

थोरली तशीच ओल्या पायांनी नानांच्या खोलीत गेली. खोली गच्चीच्या बरोब्बर खाली. खिडकी उघडी असली की वरचं सगळं ऐकू यायचं. नाना भिंतीकडे तोंड करून पडले होते. उजवा हात मागे गादीच्या कडेवर, आणि अंगठा चादरीच्या कडेवरून पुढे-मागे फिरतोय. ही त्यांची जुनीच सवय.

"चादरीला खळ घालायला कुणी सांगितलं?"

"मी." शरमेचा लवलेश नाही. "लोळागोळा झालेली चादर माझ्या अंगाखाली नको."

"पाठ सोलून निघालीय तुमची!"

"माझी पाठ आहे."

इथे थोरलीचं डोकं फिरलं. "पाठ तुमची, पण धावतेय मी! आठवडाभर वेड्यासारखी वर-खाली करतेय आणि इथे तुम्ही दोघं मला मूर्ख बनवताय! उद्या सिस्टरनं लिहून दिलं म्हणजे? मागच्या वॉर्डात नेऊन टाकतील तुम्हाला, कळतंय का?"

नानांचा अंगठा थांबला.

"मागच्या वॉर्डात कुठल्या चादरी जायच्या, माहीत आहे तुला?" त्यांनी विचारलं.

थोरली गादीजवळ सरकली.

"आमच्याकडे दोन ढीग असायचे. एक कडक. खळ, इस्त्री, टणटणीत. बरं होऊन घरी जाणाऱ्यांचा. दुसरा मऊ. त्याला खळ नाही. अर्ध्या ओल्या असताना चादरी काढायच्या, झटकायच्या, हातांनी चोळायच्या, पुन्हा टाकायच्या. मरणाचं काम. तो ढीग मागच्या वॉर्डाचा. मी स्वतः ढकलगाडी घेऊन जायचो." नाना भिंतीशीच बोलत होते. "चौतीस वर्षांत त्या ढिगातल्या चादरीवरून उठून पायांनी घरी गेलेला एक माणूस मी बघितला नाही. आणि दोन महिन्यांपूर्वी तू खळ बंद केलीस. पाठ टेकली आणि मला कळलं."

"काय कळलं?"

"मला कुठल्या ढिगात टाकलंय ते."

थोरलीचा राग कुठल्या कुठे गेला आणि तिला हमसाहमशी रडावंसं वाटलं. पण या माणसासमोर रडायचं म्हणजे दुसऱ्या ढिगावर शिक्कामोर्तबच करायचं. ती खोलीबाहेर आली. स्वयंपाकघरात गेली, तिथून न्हाणीघरात, परत स्वयंपाकघरात. पाणी प्यायला भांडं घेतलं आणि तसंच ठेवून दिलं. कडक चादर घातली तर उद्या त्यांना नेणार. मऊ घातली तर ते आजच गेल्यासारखे. आत्या मागे-मागे फिरत होती, कधी नव्हे ती मुकाट्यानं.

नानांच्या दारावरून चौथ्यांदा जाताना थोरलीला तो अंगठा दिसला. पुन्हा कडेवरून फिरत होता. पुढे, मागे.

ती न्हाणीघरात शिरली. बादली ओतून दिली. चादर दोन स्वच्छ पाण्यांतून काढली, निथळू दिली. मग आत्याच्या हातातलं पातेलं घेतलं आणि चादरीची फक्त उजवी कड, वीतभर रुंदीची पट्टी, त्या भाताच्या पाण्यात बुडवली.

आत्या बघतच राहिली. "हे त्याला कळणार नाही होय?"

"कळू दे. चल वर."

दुपारी वारा पडला होता. थोरली तारेखाली येरझारा घालत होती, दर दहा मिनिटांनी चादर चाचपत होती. चार वाजता जरा झुळूक सुटली. चादर अजून दमट होती तेव्हाच तिनं चिमटे काढले. दोघींनी दोन बाजूंना मधेच धरली आणि झटकली. फाट्! आत्या तोल जाऊन टाकीला टेकली.

"कोपऱ्यांत धरा!" खालून खिडकीतून आवाज आला. "मधे धरलं की कापड ताणतं!"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"मुकादम जागा झाला," आत्या कुजबुजली आणि फिस्सकन हसली.

पुन्हा झटकली. फाट्! "आता चोळा," खालचा आवाज म्हणाला. "आणि उलटी बाजू वर करून टाका. किती वेळा सांगायचं!"

जन्मात एकदाही सांगितलं नव्हतं. पण थोरलीनं चादर तळहातांत घेऊन वीत-वीत चोळली, उजवी कड तेवढी सोडून, आणि उलटी बाजू वर करून तारेवर टाकली.

संध्याकाळी ती चादर अंथरली. नानांना वळवलं, खाली सरकवलं, पुन्हा पाठीवर टेकवलं. ते छताकडे बघत होते. उजवा हात गादीच्या कडेला गेला. अंगठा फिरला. थोरलीची विचारायची छाती झाली नाही. सकाळपर्यंत तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

दहाला सिस्टर आली. पाठ बघितली, कंबर बघितली, टाचा बघितल्या. माकडहाडापाशी एक लालसर डाग होता. तिथे ती बोटानं दाबत राहिली.

"दाबल्यावर पांढरं पडतंय. ठीक आहे." सिस्टरनं हातमोजे काढले. "नवीन जखम नाही. आज काही लिहीत नाही मी. पुढच्या शनिवारी बघू." मग जाता जाता तिनं चादरीवरून तळवा फिरवला. "वा! ही खरी चादर. काय मऊ झालीय!"

थोरलीनं नानांकडे पाहिलं. झालं. शब्द उच्चारला गेला होता, तोही त्यांच्या तोंडावर.

"मऊ?" नाना म्हणाले. "इकडे हात लावा, सिस्टर. इकडे, कडेला."

सिस्टरनं कड चाचपली. "इथे कडक आहे की."

"मग!" नाना म्हणाले. "उगीच काहीतरी बोलू नका."

सिस्टर गेली. आत्या तिला सोडायला दारापर्यंत बोलत गेली. खोलीत दोघंच उरले. नानांचा अंगठा कडेवरून एकदा खाली आला, एकदा वर गेला.

"खळ जरा जास्त झालीय पट्टीला," ते म्हणाले. "उद्या निम्मी घाल."

"आणि परवा?"

"परवाचं परवा बघू. तू इथे काय उभी राहिलीस? वर दुसरी चादर टाकलीयेस ना? अर्धी ओली आहे तोवर काढायला हवी. पळ."

थोरली पळाली.