युफ्रेटिस पश्चिमेला वळली

सेजल, तू आधी नुसतं ऐक गो. मध्ये बोललीस तर माझा धागा तुटेल.

तुला ठाऊक आहे ना, मी साखळीच्या हायस्कुलात लेक्चर बेसिसवर आहे. पुढच्या वर्षी मला ठेवायचं की नाही ते काल ठरणार होतं. तपासणीच्या मॅडम आल्या, नववीत मागच्या बाकावर बसल्या, बाजूला आमचे हेडमास्तर. धडा मेसोपोटेमियाचा. मी फळ्यावर नकाशा काढला, नुसता बाहेरचा. वर डोंगर, डावीकडे भूमध्य समुद्र, उजवीकडे खाली आखात. म्हटलं, नद्या तुम्ही काढा.

उठली कोण, तर तनया. सर्वण गावची, वर्गात कधी तोंड न उघडणारी. खडू घेतला, डोंगरातून युफ्रेटिस काढली, मस्त वळणं देत खाली आणली, आणि सरळ डावीकडे नेऊन भूमध्यात सोडली. एक पोर काही बोललं नाही. बोलणार कसं? आपल्या गोव्यातल्या नद्या बघ, वाळवंटी घे, म्हादई घे, पेडण्याची तेरेखोल घे, सगळ्या सूर्य बुडतो तिकडेच जातात. नदी दुसरीकडे जाईल हे आपल्या डोक्यातच येत नाही.

मॅडमनी पेन उघडलं. हेडमास्तर मागून डोळ्यांनी खुणावतायत, पूस, पूस. डस्टर माझ्या हातात. आणि तनया अशी फुललेली उभी, पहिल्यांदाच फळ्यापुढे. मी डस्टर टेबलावर ठेवलं. विचारलं, इकडे का नेलीस?

म्हणते, "टीचर, दर्या इथेच आहे की. जवळचा सोडून ती लांबच्या दर्यात कशाला जाईल?"

मी वर्गाला विचारलं, तुम्हाला काय वाटतं? उठला स्वप्नील. त्याचा बाबा बेळगावहून भाजीचा ट्रक आणतो, सुट्टीत हा पण बरोबर जातो. तिला चिडवत म्हणाला, "चोर्ल्याचा घाट चढलीयस कधी? वर कणकुंबीची नदी आपल्याकडे पाठ फिरवून जाते, पार उलटी, पूर्वेला."

पोरं हसली. तनया नाही हसली. नकाशाकडे बघत राहिली, मग हळूच विचारलं, "टीचर, ह्या दर्याच्या कडेला पण घाट आहे?"

मी तो भाग अजून शिकवलाच नव्हता गो. नुसती मान हलवून हो म्हटलं. तिने तळहाताने आपली रेघ पुसली, समुद्राकडेने डोंगर काढले, नदी लांब खाली आखातापर्यंत नेली. आणि वर म्हणते कशी, म्हणून ती एवढी सपाटीतून गेली टीचर, म्हणून तिथे शेतं झाली, मग शहरं. माझा पुढचा अर्धा धडा तिनेच शिकवला.

मॅडम जाताना सांगून गेल्या, हिला ठेवा. पण हेडमास्तरांनी खोलीत बोलावलं. म्हणाले, ठेवलंय तुला, तरी एवढा वेळ फळ्यावर चूक राहता कामा नये, तपासणी होती, खेळ नव्हता. मी हो सर म्हटलं आणि बाहेर आले. पटलं नाही ते नाहीच. मी पुसलं असतं तर ती पोर परत कधी उठली असती?

तू पण शिकवतेस तुयेच्या शाळेत. खरं सांग, नोकरी अशी टांगलेली, मागून हेडमास्तर खुणावतायत, तर तू काय केलं असतंस?