मॅलाकीची शेवटची हर्ली

ग्लेनावारच्या दरीत शरद उतरतो तो हलक्या पावलांनी. सोनसळी, सौम्य, सांजावलेलं ऊन कुरणांवर लवंडतं, दगडी बांधांवर रेंगाळतं, नदीच्या धूसर पाण्यात विरघळतं. आणि अ‍ॅशची झाडं पानं टाकू लागतात. आयर्लंडच्या त्या मुलखात अ‍ॅशइतकं आळशी झाड दुसरं नाही. सगळ्यांच्या मागून पालवायचं आणि सगळ्यांच्या आधी झडायचं! आता तर त्याला रोग लागला होता. शेंड्यापासून वाळत, फांदीफांदीने मरत, दरीतले अ‍ॅश एकेक करून चालले होते.

याच झाडाच्या बुंध्यातून हर्ली जन्मते. हर्ली म्हणजे हर्लिंगच्या खेळातली काठी, कमरेइतकी उंच, टोकाशी पसरट आणि वाकडी. आपल्या विटीदांडूतल्या दांडूची दूरची, दांडगी बहीण. खोड जिथे मुळांकडे वळतं तिथलंच लाकूड तिला लागतं, म्हणजे लाकडाची रेषाही काठीबरोबर वळते. ग्लेनावारला अशा हर्ल्या घडवणारा एकच होता, मॅलाकी हेगार्टी.

मॅलाकीच्या घरची एक रीत होती. मोडलेली हर्ली त्याच्याकडे परत यायची. जोडण्याजोगी असली तर पत्र्याची पट्टी ठोकून तो ती जोडून द्यायचा. नसली तर ती त्याच्या बायकोच्या, डेलियाच्या चुलीत जायची. गावाने मैदानावर जे जे मोडलं, ते ते त्या चुलीत ज्योत झालं, आणि त्यावर हेगार्टींचे बटाटे शिजले.

"मोडलीस?" समोरच्या रडवेल्या पोराला मॅलाकी हसून म्हणायचा. "शाबास! म्हणजे खेळलास."

त्यांचा एकुलता एक मुलगा लॉर्कन. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. याचे हात दिसले. चालायला लागला तो बापाने केलेली वीतभर हर्ली घेऊनच. दूध डेअरीची पांढरी भिंत, तिच्यावर चेंडू, ठक. परत चेंडू, परत ठक. सकाळच्या धुक्यात ठक, सांजेच्या तांबूस उजेडात ठक. भिंत सोडून खिडकी फुटली की डेलिया माफी मागायला जायची, आणि मॅलाकी मागे उभा राहून मिशीत हसायचा.

अठराव्या वर्षी लॉर्कन गावाच्या मोठ्या संघात आला. लवलवता, लाजरा, लांब पायांचा पोर. पण चेंडू काठीच्या टोकावर तोलून तो धावू लागला, की म्हाताऱ्या बायका हातातली जपमाळ विसरत. वाऱ्यासारखा नव्हे, पाण्यासारखा वाहायचा तो. माणसांच्या मधून वाट काढत, कुणाला न दुखावता. गाव म्हणायचं, या वर्षी करंडक आपलाच.

त्याच हिवाळ्यात मॅलाकी अंथरुणाला खिळला. आयुष्यभराचा लाकडाचा भुसा छातीत साठला होता. चर्चमागचा अखेरचा निरोगी अ‍ॅश वादळात पडला, तेव्हा त्याच्या बुंध्याची एक फळी त्याने मागून आणवली. उशाला टेकून, धाप लागत, थांबत, थरथरत, काचेच्या तुकड्याने तासत त्याने लॉर्कनसाठी एक हर्ली केली. तासताना अंगठा एकाच जागी रुतत राहिला, आणि दांड्यावर तिथे एक उथळशी खळी पडली. त्याचे हात आता पूर्वीचे राहिले नव्हते.

मे महिन्यात, अ‍ॅशला पालवी फुटताना, मॅलाकी गेला. गावच्या खेळाडूंनी दुतर्फा उभं राहून हर्ल्या उंचावल्या आणि त्या काठ्यांच्या कमानीखालून त्याची शवपेटी नेली. लॉर्कन नवी हर्ली धरून उभा होता. अंगठा त्या खळीत नेमका बसला होता. त्याने तो काढलाच नाही.

मग शरद आला, आणि शरदासोबत अंतिम सामना.

गवत ओलं, आकाश करडं, गर्दीचे श्वास पांढरे. शेवटचं मिनिट, आणि ग्लेनावार एका गुणाने मागे. चेंडू गवतावर सुटा पडला. एकीकडून लॉर्कन धावला, दुसरीकडून एक धिप्पाड बचावपटू, हर्ली डोक्यामागे नेऊन. अशा वेळी दोन्ही काठ्या एकदमच येतात, चेंडूवर आदळतात, एकमेकींवर आदळतात, एखादी मोडते. एवढं लॉर्कनला पाळण्यापासून ठाऊक होतं.

त्याच्या अंगठ्याला ती खळी लागली. आणि त्याने हर्ली मागे घेतली.

चेंडू दूर गेला. शिट्टी वाजली. ग्लेनावार हरलं.

"घाबरला पोरगा," गाव म्हणालं. दारूच्या गुत्त्यात म्हणालं, चर्चच्या पायऱ्यांवर म्हणालं. बापाचा हात वाचवला, हे लॉर्कनने कुणाला कसं सांगायचं? त्याने हर्ली चुलीवरच्या भिंतीला टांगली आणि मैदानाची वाट सोडली. डेअरीची भिंत मुकी झाली. त्याला लाज वाटत होती, आणि त्या लाजेहून बाप जास्त आठवत होता.

हिवाळ्यात गावचा प्रशिक्षक, म्हातारा पॅट्सी, दारात येऊन उभा राहिला. टोपी हातात, बूट चिखलाने माखलेले.

"रविवारी काउंटीच्या संघाची निवड आहे. तुला बोलावलंय," तो म्हणाला. "या वेळी नाही आलास, तर पुन्हा नाही बोलावणार, पोरा."

"मी येत नाही, पॅट्सी."

पॅट्सी गेला. डेलिया बटाटे सोलत होती. तिने सुरी खाली ठेवली, हात पुसले, स्टुलावर चढून भिंतीवरची हर्ली काढली आणि मुलाच्या मांडीवर ठेवली.

"तू काय वाचवलंस ते मी पाहिलंय," ती म्हणाली. "ही चूल बघ. तुझ्या बापाने घडवलेल्या किती हर्ल्या गिळल्या हिने! एकीसाठी तरी कधी हळहळला का तो? भिंतीवर टांगायला नाही केली त्याने ही. जा, खेळ."

लॉर्कन गेला.

हिमकण भुरभुरत होते. मैदान कडक, माणसं अनोळखी, त्यांचे खांदे रुंद. कितीतरी वेळ तो नुसताच धावत राहिला. मग चेंडू सुटला, समोरून एक हर्ली उगारली गेली, अंगठ्याला खळी लागली; आणि लॉर्कनने डोळे उघडे ठेवून, सगळं अंग ओतून, काठी फिरवली.

कड्.

तो आवाज साऱ्या मैदानाने ऐकला. चेंडू सरसरत जाळ्यात गेला. निवड करणारे उठून उभे राहिले, पॅट्सीने टोपी हवेत उडवली, कुणी नाव विचारलं, कुणी पाठ थोपटली. लॉर्कन मात्र गुडघ्यांवर बसून गवतातले तुकडे वेचत होता आणि लहान मुलासारखा हुंदके देत होता.

रीतीप्रमाणे पॅट्सीने तुकडे उलटेपालटे करून पाहिले आणि मान हलवली. जोडण्याजोगी ती राहिली नव्हती.

दिवेलागणीला तो घरी पोचला. चूल मंद, मावळतीसारखी तांबूस. त्याने दोन्ही तुकडे आईपुढे धरले.

"निवडलं मला," तो म्हणाला.

"हं," डेलिया म्हणाली. वाकड्या टोकाचा तुकडा तिने चुलीत सरकवला. दुसरा हातात घेतला. तिचा अंगठा दांड्यावरून फिरत फिरत त्या खळीपाशी आला, आणि थांबला. इतके महिने न रडलेली, न डगमगलेली ती बाई तो तुकडा छातीशी धरून तशीच बसून राहिली. हात पुढे होईना.

"राहू दे, आई. हा ठेवू आपण."

तिने नकारार्थी मान हलवली. पण हात काही पुढे होईना.

तेव्हा लॉर्कन तिच्याशेजारी जमिनीवर बसला. तिच्या हातावर त्याने आपला हात ठेवला, आणि दोघांनी मिळून तो तुकडा हळूच आत सोडला.

अ‍ॅश पेटला. आधी कडा, मग रेषा, मग ती खळी. निळी, पिवळी, पांढरी ज्योत उंच उठली. बाहेर बर्फ पडत होतं, दरीतली झाडं मरत होती, पातेल्यात बटाटे रटरटू लागले होते. मायलेकांनी हात पुढे केले. मॅलाकीच्या उबेवर ते शेकत राहिले, शेकत राहिले, ज्योत निवेपर्यंत.